सोबतीला दिलेलं रक्त

माझा राग पहिल्यापासून नाकावर. शाळेत पोरं माझ्या पाठीमागे मला काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, आणि ती खोटं बोलत नव्हती. पण ज्या रागाबद्दल मी आज लिहितेय तो मी पाथर्डीहून नगरला नेला, एका लॅबच्या काउंटरवर काढला, आणि त्या दिवशी मला त्याचा मोठा अभिमान वाटला होता.

नव्वदीची मधली वर्षं होती ती. पाथर्डीपासून दहाबारा किलोमीटरवर आमचं गाव. मी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. लग्न केलं नव्हतं, आई वारलेली, भाऊ सुप्याला कारखान्यात, पाळ्यांमध्ये अडकलेला. घरात वडील आणि मी. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. आणि दिवसातून दोनदा घरात येणारे तिसरे म्हणजे काका.

काका आमच्या नात्याचे नव्हते. दादांनी आणि त्यांनी चाळीस वर्षं जोडीनं विहिरी खांदल्या. दादा खाली उतरून खांदायचे, काका वर दोर धरायचे. त्यांची एक रीत होती. नव्या किंवा बरेच दिवस बंद पडलेल्या विहिरीत दादा कधी पहिल्यांदा उतरले नाहीत. आधी काका उतरायचे, तळाला पाय टेकायचे, वर यायचे आणि म्हणायचे, "जा लेका, काय न्हाई खाली." मगच दादा. दुसऱ्या कुठल्या जोडीत ही रीत मी पाहिली नाही. या दोघांना मात्र त्याशिवाय जमायचंच नाही.

दादांना लघवीचा त्रास सुरू झाला तेव्हा त्यांनी मला सांगितलं नाही. लेकीला हे कसलं सांगणार! मला सांगायला काका आले. अंगणात उभे राहून, आभाळाकडे बघत म्हणाले, "मास्तरीण, तुझ्या बापाचा नळ तुंबलाय. लई कुंथतो, तवा थेंब पडतो. दवाखान्यात न्यावा लागंल."

नगरच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. तपासायच्या खोलीत दादांबरोबर काकाच आत गेले. बाहेर आल्यावर दादा जमिनीकडे बघत होते आणि काका हसू दाबत होते. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, की लघवीच्या पिशवीखाली पुरुषांना अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. वय झालं की ती फुगते. बहुतेकांची नुसती फुगते, काहींच्यात कॅन्सर निघतो. रक्ताची एक नवी तपासणी आली आहे, पीएसए म्हणतात, ती करून घ्या. नमुना पुण्याला जाईल.

लॅबमध्ये दादा खुर्चीत बसेनात. सत्तर फूट खोल सुरुंगाचे दगड फोडलेला माणूस, सुई बघून भिंतीला टेकला आणि काकांना म्हणाला, "आदी तू."

काका बसले. बाही वर केली. "काढा वो सायेब. ह्यो असाच हाय."

लॅबवाला तरुण होता, गोंधळला. याचं रक्त कशाला? मी म्हटलं, अहो, काढताच आहात तर त्यांचीही तीच तपासणी करून टाका, वय तेच आहे, फुकट कशाला सांडायचं! त्यानं काकांचं रक्त काढलं, मग दादांचं. दोन्ही वेळा नाव विचारून घेतलं आणि बाटलीवर पट्टी चिकटवून लिहिलं. नाव विचारलं होतं हे मला आज अगदी स्पष्ट आठवतं. तेव्हा आठवलं नाही, किंवा आठवायचं नव्हतं.

रिपोर्ट आणायला मी दहा दिवसांनी शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर एकटीच गेले. दोन कागद, पुण्याहून आलेले आकडे लॅबवाल्यानं आपल्या छापील कागदावर टाइप केलेले. दादांच्या नावापुढे तीन पूर्णांक एक. काकांच्या नावापुढे शेहेचाळीस. खाली बारीक अक्षरात छापलेलं, चारपर्यंत साधारण.

मी दोन्ही कागद तीनतीनदा वाचले. आजारी माणसाला तीन, आणि जो सकाळीच तीन भाकऱ्या खाऊन हसत होता त्याला शेहेचाळीस? छे! माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. खुर्चीत पहिले कोण बसलं? काका. डॉक्टरांची चिठ्ठी कुणाच्या नावाची होती? दादांची. या गाढवानं पहिल्या बाटलीला चिठ्ठीवरचं नाव लावलं. काकांचं रक्त दादांच्या नावावर गेलं आणि दादांचं काकांच्या! एवढं साधं होतं.

मी काउंटरवर हात आपटला. तो म्हणाला, बाई, मी नाव विचारून लिहितो. मी म्हटलं, काय डोंबलाचं विचारता! तो म्हणाला, तुम्हाला संशय असेल तर दोघांना परत आणा, पुन्हा रक्त घेऊ, पैसे नकोत. मी म्हटलं, दोन एसट्या बदलून म्हातारी माणसं पुन्हा आणू, तुमच्या चुकीपायी? बाकावरची सगळी माणसं बघत होती. मी शिकलेली होते, मला बोलता येत होतं, आणि तो माझ्या आवाजाला घाबरला होता. शेवटी "तुमच्या जबाबदारीवर हं बाई," असं म्हणत त्यानं टाइपरायटरला कागद लावला. त्याचा हात कापत होता. मला वाटलं, चूक सापडली म्हणून कापतोय.

नवे कागद घेऊन मी बाहेर पडले. दादांना शेहेचाळीस, काकांना तीन पूर्णांक एक. बापाला कॅन्सर आहे म्हणून एसटीत रडले, पण आपण हुशारीनं वेळेवर पकडलं याचं समाधानही त्या रडण्यात होतं. लाज वाटते सांगायला, पण होतं.

पुढच्या शनिवारी कागद डॉक्टरांकडे नेला, त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, या ग्रंथीतला एक रस थोडाथोडा रक्तात झिरपत असतो, तो हा आकडा. चारच्या आत असला तर सहसा काळजी नसते. चार ते दहा नुसता संशय, कारण ग्रंथी फुगली किंवा तिथं जंतू झाले तरी तो वाढतो. शेहेचाळीस फार आहे. "पण बोटाला तुमच्या वडिलांची गाठ मऊ लागते. एवढ्या आकड्याला अशी गाठ? मला पटत नाही. रक्त पुन्हा करू. आणि सुईनं तुकडा काढून तपासू."

मग त्यांनी चिठ्ठीमागे एक घर काढलं. कॅन्सर असला तर तो घरातच आहे, की भिंत फोडून ओट्यावर आलाय, की गल्लीत, म्हणजे शेजारच्या गाठींत, गेलाय, की परगावी, म्हणजे हाडांत. याला स्टेज म्हणतात. आकडा नुसतं बोट दाखवतो. कुठपर्यंत पोचला ते आकड्यावरून ठरत नाही, त्याला तुकडा लागतो, हाडांचा स्कॅन लागतो. घरात असला तर काढून टाकता येतो. परगावी गेला तर नुसता आवरता येतो.

दादांनी सुईला साफ नकार दिला, रक्ताच्याही आणि तुकड्याच्याही. सुई लावली की ते चवताळतं, असं गावात सगळेच म्हणायचे. एरवी मी भांडले असते. पण शेहेचाळीस हा आकडा ऐकल्यापासून माझ्यातलंच बळ गेलं होतं. कोल्हारच्या पलीकडे एक वैद्य होता, त्याची पावडर सुरू केली. ती आणायला दर पंधरा दिवसांनी काका जायचे.

काकांना मी त्यांचा कागद वाचून दाखवला होता. "तीन पूर्णांक एक. तुम्ही ठणठणीत!" ते म्हणाले, "आगं, मला काय धाड भरलीय!" आणि कागद घडी करून कोपरीच्या खिशात ठेवला. नंतर कित्येक दिवस भेटेल त्याला तो काढून दाखवत होते.

दिवाळी झाली आणि दरवर्षीसारखं अर्धं गाव ऊसतोडीला गेलं. आमच्या आळीत चौदा घरं, त्यातली नऊ कुलपात. अशा दिवसांत गावात आपलाच आवाज आपल्याला मोठा ऐकू येतो. दुपारी शाळेतून घरी येताना मागून कुणी चालतंय असं वाटून मी वळायची. कुणी नसायचं. हजेरी घेताना शेहेचाळिसाव्या नावाशी जीभ अडायची. आणि घरी आलं की दादा खाटेवर, पायथ्याशी काका, दादांचे तळवे चोळत बसलेले. खाटेखालच्या ट्रंकेत तो कागद.

एकदा दादा म्हणाले, "मला आजार हाय म्हनता. मग दुखत कसं न्हाई?"

"त्रास होतो ना लघवीचा?"

"त्यो न्हाई. आतनं दुखाया पायजे की न्हाई? मरनाऱ्याला काय तरी दुखंल का न्हाई? माझं दुखनं हाय कुठं मग?" आणि खोलीत इकडेतिकडे बघायला लागले. एखादं जनावर सुटून घरात शिरावं आणि कुठं बसलंय ते दिसू नये, तसं.  मी खेकसले, "गप पडा, काहीतरी बडबडू नका."

काका त्या वेळी उठून दाराच्या चौकटीला कंबर घासत होते. बैल खांबाला अंग घासतो तसे. मी बघितलं. आठवडाभर रोजच बघत होते. म्हटलं, काका, कंबर धरली का? म्हणाले, "थंडीचं धरतं. कागद तर चांगला हाय की माझा." खिशावर हात मारून हसले. मी पण हसले.

पुढे एक दिवस दादा मला हळूच म्हणाले, "ह्यो आला का खाट जड हुती." मी म्हटलं, काका बसल्यावर खाट जड होणारच, त्यात काय! "तसं न्हाई गं," म्हणाले. "ह्याच्याबरुबर कोन तरी बसतंय." मी ते वयावर आणि आकड्यावर ढकललं. पण त्यानंतर काका खाटेवर बसले की मी खोलीतून उठून चुलीपाशी जायची. का, ते मलाही सांगता आलं नसतं. माणूस तोच, हसणं तेच, फक्त मानेची हाडं थोडी वर आलेली. आणि त्याच्याशेजारी पाठ करून बसणं माझ्यानं होईना.

माघात दादांची लघवी पूर्ण बंद पडली. जीप करून नगरला नेलं. नळी घातली, चार दिवसांनी दुर्बिणीतून ऑपरेशन करून गाठ खरवडून काढली. खरवडलेले तुकडे तपासायला गेले. मी मनाची सगळी तयारी केली होती.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. टेबलावर सगळे कागद मांडलेले. म्हणाले, "तुकड्यांत कॅन्सर नाही. कुठंच नाही. साधी वाढ होती. ऑपरेशनआधी रक्तही पुन्हा घेतलं होतं, साडेपाच आलं, अडलेल्या लघवीनं तेवढं वाढतंच." मला हसू फुटलं, डोळे भरले. ते हसत नव्हते. पाच महिन्यांपूर्वीच्या कागदावर त्यांनी बोट ठेवलं.

"मग हे शेहेचाळीस कुणाचं आहे?"

खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी खोकत होतं, आणि मला एकदम कळलं की हा आकडा पाच महिने आमच्या घरात कुणाच्या अंगात येऊन बसत होता. दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर काका, मांडीवर दादांचा डबा घेऊन, एका हातानं कंबर दाबत बसलेले.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते मला काही लागट बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त काकांना आत बोलावलं, तपासलं. यांची गाठ बोटाला दगडासारखी लागली. तुकडा काढला, त्यात कॅन्सर निघाला. रक्ताचा आकडा एकशे एकतीस. स्कॅनसाठी पुण्याला पाठवलं. काकांबरोबर मीच गेले. त्यांचा मुलगा तेव्हा ऊसतोडीवर होता, आणि खरं सांगायचं तर मला दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायचं नव्हतं.

येताना एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. मी पाकिटातून फिल्म काढून काचेला लावली. हातभर उंचीचा एक सांगाडा, कवटीपासून पायापर्यंत, समोरून एक आणि पाठीमागून एक. कमरेत, बरगड्यांत, एका मांडीच्या हाडात काळे ठिपके, शाई सांडावी तसे. बरगड्यांमधून मागे शिरूरची शेतं पळत होती. आणि ज्याचा सांगाडा तो माझ्या शेजारी शेंगा सोलून खात होता. चार दाणे माझ्यापुढे धरले त्यानं.

"हे काळं म्हंजी त्येच का?"

"हो, काका."

"म्हंजी परगावी गेलाय म्हना." डॉक्टरांनी त्यांनाही ते घर काढून दाखवलं होतं. थोड्या वेळानं म्हणाले, "पर माझा कागद तर चांगला हुता, मास्तरीण."

तेव्हा मी सांगितलं. काउंटर, टाइपरायटर, सगळं. मान खाली घालून. आणि तेही सांगितलं, जे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं होतं. पाच महिन्यांपूर्वी शेहेचाळीस होता तेव्हा तो घरातच होता, की तेव्हाच बाहेर पडला होता? डॉक्टर म्हणाले होते, कदाचित घरात असेल, कदाचित नसेल, तेव्हा स्कॅन झाला नाही, आता ते कुणालाच सांगता येणार नाही. त्यानंतर आजपर्यंत मी तोच प्रश्न स्वतःला विचारत आलेय. त्याला उत्तर नाही, आणि तो मला सोडतही नाही.

काकांनी उरलेल्या शेंगा पुडीत बांधून ठेवल्या. सुपं आलं, मागे पडलं. नगरच्या स्टँडवर उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि कानाशी येऊन फक्त दोन वाक्यं बोलले. घरी मात्र काकांनीच सगळ्यांना सांगितलं, की लॅबवाल्यानं बाटल्या बदलल्या. मी गप्प बसले.

काकांची बीजग्रंथी, म्हणजे वृषणं, काढून टाकायचं ऑपरेशन झालं, कारण तो रोग पुरुषाच्या शरीरातल्याच रसावर पोसतो. आकडा झरझर खाली आला, तीनवर, मग एकवर. दुखणं थांबलं. घरातल्यांना वाटलं, सुटलो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तो झोपलाय, गेलेला नाही. पुढच्या वर्षी काका चांगले चालतेफिरते असतानाच आकडा पुन्हा वर सरकू लागला. चार, अकरा, तीस. दर खेपेला कागदाला आधी कळायचं आणि माणसाला नंतर. ते सगळे कागद मीच आणले, आणि दर वेळी नावावरून तीनदा बोट फिरवलं.

काका गेले तेव्हा गुढीपाडवा नुकताच होऊन गेला होता, तोडीवरची माणसं परतली होती. तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर सगळे त्यांच्या ओट्यावर बसले. दादा मधोमध. दादांनी एकाएकी कपाळावर हात मारला आणि मोठ्यानं रडले, "त्या भाडखाऊ लॅबवाल्यानं मारला माझा गडी!" काकांचा मुलगा उठला. उद्या जीप करू, म्हणाला, त्याला दुकानातनं ओढून काढू, त्याचे दोन्ही हात मोडू. चारपाच जण लगेच तयार झाले. कोण कोण येणार, किती वाजता निघायचं, तेही ठरलं.

मला तो टाइपरायटरवरचा कापणारा हात दिसला.

"त्यानं बरोबर लिहिलं होतं," मी म्हटलं. "नाव विचारून लिहिलं होतं. कागद मी बदलायला लावला. भांडून."

काकू आत उठून गेल्या आणि दाराला कडी लागल्याचा आवाज आला. मुलगा माझ्याकडे बघत राहिला, मग खाली बसला. दादांचं रडणं थांबलं. त्यांनी मला विचारलं,

"त्याला ठावं हुतं?"

"हो. पुण्याहून येतानाच सांगितलं मी."

"काय म्हनला?"

स्टँडवर कानाशी बोललेली ती दोन वाक्यं मी दोन वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. "म्हणाले, तुझ्या बापाला सांगू नगं, त्यो तुझं तोंड बघनार न्हाई. आन् त्याला भाकर करून घालाया दुसरं कोन हाय?"

दादांनी हातानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "बराबर बोलला." आणि ओट्यावरून उतरून घराकडे चालू लागले.

त्यानंतर दादा नऊ वर्षं जगले. रोज माझ्या हातची भाकरी खाल्ली. माझ्याकडे बघितलं नाही.